बसलेला आवाज

३ नोव्हेंबर १९३५

जिनिंगचा हंगाम सुरू झाला. दिवसभर काट्यापाशी उभं राहून कापसाच्या गाड्यांची वजनं पुकारायची आणि संध्याकाळी राजपुऱ्यात प्रभाकरच्या ओसरीवर गोष्ट वाचायची, असा क्रम पुन्हा लागला आहे. प्रभाकर म्हणजे माझ्या बायकोचा, गोदाचा धाकटा भाऊ, स्टेशनात तिकीटबाबू. साहेब लोक फर्स्ट क्लासच्या डब्यात वाचून झालेली विलायती मासिकं टाकून जातात, ती तो मला आणून देतो. त्यातल्या खुनाच्या गोष्टी मी मराठीत उतरवतो. लंडनच्या धुक्याऐवजी तापीकाठचं धुकं, लॉर्डाऐवजी कापसाचा दलाल आणि त्यांच्या डिटेक्टिव्हऐवजी माझा जनार्दनपंत.

काल ओसरी भरून लोक पायऱ्यांवर बसले होते. ‘बंद खोलीतला दलाल’ वाचली. कुणी खोकलंसुद्धा नाही. खोकत होतो तो मीच.

गणपतीपासून माझा घसा बसला आहे. नाटक मंडळीत होतो तेव्हा माझा आवाज तंबूच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. बोलपट आले, मंडळी मोडली, आणि तो आवाज मी घरी घेऊन आलो. त्या आवाजात गोष्ट वाचायचो तेव्हा लोक सुपारी कातरत आपापसात बोलत बसायचे, हे इथे लिहायला हरकत नाही. आवाज बसून कुजबुजीवर आला तसे तेच लोक पुढे सरकून बसायला लागले.

काल एक पाहुणे होते. चौकातल्या दुकानात ग्रामोफोन विकायला ठेवले आहेत, त्या कंपनीचे मुंबईचे एजंट अनंतराव. गोष्ट संपल्यावर ते जवळ आले. “आवाज मुळातच असा आहे का?”

म्हटलं, “नाही हो. बसला आहे.”

“मग उठवू नका,” ते म्हणाले.


६ नोव्हेंबर

अनंतराव आज जिनवर येऊन गेले. कंपनीला गाण्यांच्या आणि नकलांच्या तबकड्यांखेरीज काही नवीन हवं आहे. आख्खी गोष्ट तबकड्यांवर, ऐकणाऱ्याने घरी बसून ऐकायची. जानेवारीच्या शेवटी मुंबईला यायचं. तीन तबकड्या, म्हणजे सहा बाजू. एक बाजू तीन-सवातीन मिनिटांत संपते, तेव्हा गोष्ट अशी तोडायची की माणसाने तबकडी उलटण्यासाठी स्वतःहून उठलं पाहिजे.

“अट एकच,” ते म्हणाले. “आवाज हाच आणा. साफ आवाजाचे नट मला गिरगावात गल्लोगल्ली मिळतात.”

घरी येऊन गोदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“म्हणजे तुमी इथं नसले तरी बोलणार?”

“हो. मी मेलो तरी बोलणार.”

“तोंडात काय येते ते बोलून राहिले,” असं म्हणून तिने भाकरी तव्यावर आपटली.


१२ नोव्हेंबर

आज फजिती झाली. चार दिवस गोदा सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा देते आहे. वर अडुळशाचा रस मधातून. मी मुकाट्याने पीत होतो. आज ओसरीवर वाचायला बसलो आणि तिसऱ्याच वाक्याला आवाज उघडला. पूर्वीइतका नाही, पण खर्ज निघून गेला. खुनी दलालाच्या खिडकीखाली उभा आहे असा प्रसंग, आणि मागच्या रांगेत दोघे पेरणीचं बोलायला लागले.

प्रभाकर म्हणाला, “दाजी, आज तुमचा खुनी भजनाला आल्यासारखा वाटून राहिला.”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना एकच विचार डोक्यात होता. जन्मात एकदा मुंबईने मला बोलावलं आहे, आणि नेमकं ज्यासाठी बोलावलं तेच घरातला काढा पुसून टाकणार.

उद्यापासून काढा अंगणातल्या जास्वंदीला.


२१ नोव्हेंबर

आवाज पुन्हा जागेवर आला. फार खटपट करावी लागली नाही. दुपारच्या सुट्टीत जिनच्या रुईच्या खोलीत जाऊन बसतो. तिथे सरकी काढलेल्या कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. बिडी सुरू केली आहे. आंबट चिंचा खातो. आज वाचनाला पायरीवरसुद्धा जागा नव्हती.

कमरेचा पट्टा ढिला झाला आहे. घर ते जिन पायी जातो, त्याने शरीर हलकं झालं. नटाने हलकंच असावं.

दुपारी अंग थोडं तापतं. जिनचा बॉयलर जवळ आहे, त्याचा परिणाम.


२ डिसेंबर

गोदाने आणि प्रभाकरने मिळून मला डॉक्टरांकडे नेलं. मी जाणार नव्हतो, पण प्रभाकर टांगाच घेऊन आला. डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधून घशात बराच वेळ पाहिलं. पाठ ठोकून पाहिली. थुंकीतून रक्त पडतं का, विचारलं. मी पान खातो, त्यामुळे थुंकी तांबडीच असते, असं सांगितलं. त्यावर त्यांनी पान बंद करून चार दिवसांनी पुन्हा पाहायला सांगितलं. उगीच शंकेखोर माणूस.

मग म्हणाले, “मौन धरा. दोन-तीन महिने एकही शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, कुजबुजीनं घशाला जास्त त्रास होतो.”

“जानेवारीनंतर धरतो,” मी म्हटलं.

“आज धरलं तर उपयोग आहे.”

मी टांग्यात येऊन बसलो. प्रभाकर आत बराच वेळ डॉक्टरांशी बोलत होता. बाहेर आला तेव्हा टांगेवाल्याला त्याने पत्ता चुकीचा सांगितला. डॉक्टरांना माघमेळ्याला प्रयागला जायचं असणार आणि तिकिटाची सोय यानं करावी असा तगादा लावला असणार. स्टेशनातल्या माणसाला सगळे असंच छळतात.


१० डिसेंबर

माझ्या जनार्दनपंताची एक सवय आहे. घरात शिरल्यावर तो आधी वस्तू पाहतो, मग माणसं. आज गंमत म्हणून स्वतःच्या घरात तसं पाहिलं.

माझं ताट, वाटी आणि तांब्या वेगळ्या फळीवर ठेवलेले आहेत. गोदा ते वेगळे घासते, राखेने आणि मग कढत पाण्याने. माझं अंथरूण ओसरीवरच्या खिडकीपाशी गेलं आहे आणि ती खिडकी थंडीतही उघडी असते. घरात रोज एक शेर दूध जास्तीचं येतं. अंडी कधी या घरात आली नव्हती, ती प्रभाकर कागदात गुंडाळून आणतो आणि गोदा न कुरकुरता स्वतः उकडते.

निष्कर्ष सरळ आहे. तबकडी चांगली व्हावी म्हणून गोदाने नवस बोलला आहे. नवसाच्या माणसाचं ताट वेगळं असतं. दूध आणि अंडी आवाजाला ताकद यावी म्हणून. मी काढा पीत नाही हे तिने ओळखलं आणि आता ती माझ्या बाजूने आली.

एवढं लिहून बरं वाटलं. बाईमाणूस बोलून दाखवत नाही, पण तिला अभिमान आहे.


१५ डिसेंबर

आज मुलीला, शोभीला असीरगडला पाठवलं, गोदाच्या मावशीकडे, रंभाबाईंकडे. तिची शाळा चालू आहे. दुसरीत आहे पोर. घरात आरडाओरडा नको, मला तालमीला शांतता हवी, म्हणून गोदाने ठरवलं असावं. मी एवढं मागितलं नव्हतं.

टांगा दारात उभा होता. शोभी म्हणाली, “बाबा, दलालाला कोणी मारलं ते सांगा, मग जाते.”

मी वाकून तिच्या कानात सांगायला लागलो. एवढ्यात गोदाने मागून तिचा दंड धरून तिला इतक्या जोरात ओढलं की पोरगी रडायला लागली.

“लहान पोरीच्या कानात खून सांगता?” गोदा म्हणाली.

तिचं चुकत नाही. पण तिचाही आवाज फाटला होता. शोभी टांग्यातून मागे पाहत गेली. खुनी कोण ते तिला कळलंच नाही. आल्यावर सांगेन.


२३ डिसेंबर

प्रभाकर रजा काढून आला. म्हणाला, “दाजी, हवापालट करून येऊ. पेंड्रारोडला. साल-सागाचं जंगल आहे, हवा साफ. पासाची व्यवस्था करून ठेवली.”

“तिथे काय आहे?”

“हवा आहे सांगितलं ना. दोन-चार महिने राहायचं. चुपचाप पडायचं.”

“आणि मुंबई?”

“मुंबई कुठं पळून राहिली?”

मी म्हटलं, कंपनी थांबत नसते. एजंट आज मला विचारतो, उद्या दुसऱ्या कुणाचा घसा बसेल. प्रभाकर भिंतीकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, “दाजी, तुमचा तो जनार्दनपंत आहे ना, त्याला एक दिवस आपल्या घरी जेवायला बोलवा. बघू त्याला काय दिसते.”

“का रे? काही चोरीला गेलं का?”

तो उठून गेला. हल्ली तो माझी थट्टा करत नाही. साला असून थट्टा करत नाही म्हणजे काय समजायचं? मी मोठा माणूस होणार याचं त्याला दडपण आलं आहे.


१४ जानेवारी १९३६

संक्रांत. गोदाने वाटीत तिळगूळ आणून माझ्यापुढे ठेवला.

“तिळगूळ घ्या नी बोलू नका,” ती म्हणाली.

मी हसलो. हसताना घशात सुई टोचल्यासारखं झालं आणि खोकला आला. तो बराच चालला. ती खांबाला धरून उभी होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, “अजून पंधरा दिवस आहेत. आताच सोडून द्या. कंपनीले तार करा.”

“काय म्हणून?”

“बायको मेली म्हणून करा. काहीबी करा.”

“गोदा, लोक पैठणीसारखी जपून ठेवतील ही तबकडी. गावोगाव ऐकतील.”

“लोकायले काय करायचं हो तुमच्या आवाजाचं? एक गाणं संपलं का ते दुसरं लावतील. पहिले तुमी जिनवरून आले का कोपऱ्यावरून हाक मारत होते, ‘गोदे, चहा टाक!’ आख्खी गल्ली ऐकत होती. शेजारची मालूबाई मले हसायची. तो आवाज येऊ द्या ना परत.”

“तो कुणाला नको होता.”

“मले कोणी विचारलं?”

एवढं बोलून ती आत गेली. नाटकात हे वाक्य चांगलं दिसेल. पुढच्या गोष्टीत विधवेच्या तोंडी घालावं.


२१ जानेवारी

विलायतेत बादशहा वारले म्हणून जिन बंद. घरीच पडून होतो. दुपारचा ताप बॉयलरमुळे येतो अशी माझी समजूत होती. आज बॉयलर बंद होता तरी ताप आला. शरीराला सवय लागलेली दिसते.


३० जानेवारी, मुंबई

झालं. प्रभाकर सोबत आला होता, त्याच्या आधाराने जिने चढलो.

खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या होत्या. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला भिंतीवर आपटत नाही. मध्ये एका दांडीवर मायक्रोफोन. पलीकडच्या खोलीत मेणाच्या जाड तबकडीवर सुई फिरते. लाल दिवा लागला की बोलायचं. मध्ये चूक झाली किंवा खोकला आला तर ते मेण फुकट, बाजू पहिल्यापासून.

नाटकात शिकलेलं सगळं इथे निरुपयोगी. छातीतून आवाज काढायचा नाही. मायक्रोफोनपाशी तोंड नेऊन, जसं काही उशीवरच्या माणसाशी बोलतो आहोत, तसं बोलायचं. तेवढाच आवाज माझ्याकडे उरला होता.

चौथ्या बाजूला दोनदा खोकला आला. दोन मेणं गेली. काचेपलीकडच्या साहेबांनी नवीन मेण चढवलं. अनंतरावांनी कोमट पाणी आणून दिलं. तिसऱ्यांदा बोललो ते कसं बोललो, आठवत नाही. सहाव्या बाजूला जनार्दनपंत खुन्याचं नाव घेतो तिथे आवाज जवळजवळ नव्हताच, नुसता वारा होता. दिवा विझला तरी आत कुणी हललं नाही.

अनंतराव बाहेर येऊन म्हणाले, “दिगंबरराव, अंगावर काटा आला. असा गळा कुणाकडे नाही.”

मला त्यांचे आभार मानायचे होते. तोंड उघडलं, जीभ हलली, आवाज आला नाही. अनंतरावांना वाटलं की मी भारावलो आहे. मीही तसंच मानून घेतलं.

गाडीत प्रभाकर माझ्या शेजारी बसला होता. भुसावळपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.


९ फेब्रुवारी

आवाज अजून नाही. कुजबूजही नाही. डॉक्टर म्हणाले ते मौन आता आपोआप पाळलं जातं आहे, तेव्हा त्यांनाही तक्रारीला जागा नाही. दोन-तीन महिन्यांत येईल.

अडचण वेगळीच आहे. शोभीची पाटी घेतली आहे, तिच्यावर लिहितो. पण गोदाला वाचता येत नाही. लग्न झाल्यावर शिकवायचं ठरवलं होतं, मग मी मंडळीबरोबर गावोगाव हिंडत राहिलो. पाणी, औषध, खिडकी, एवढं खुणांनी होतं. त्यापलीकडचं काही असलं तर प्रभाकर येईपर्यंत थांबायचं. तो पाटी वाचून तिला सांगतो.

आज लिहिलं होतं, ‘तुझ्या हाताला फोड आला आहे, कढत पाण्यात हात घालू नकोस.’ प्रभाकरने वाचलं, “अक्का, दाजी म्हणतात, हाताला सांभाळ.” दोघंही माझ्याकडे बघायला लागले आणि मला संकोच वाटला. मेहुण्याच्या तोंडून बायकोशी किती बोलणार? बाकीचं पुसून टाकलं.


१७ फेब्रुवारी

गोदाला ‘अ’ काढून दाखवला. तिने पाटीवर गिरवला. दोनदा गिरवून झाल्यावर पाटी खाली ठेवली.

“आता कुठं होते हे,” ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून चुलीकडे गेली. ओल्या लाकडांचा धूर फार होतो. प्रभाकरला कोरडी लाकडं आणायला सांगायला हवं.


४ मार्च

जिनने माझ्या जागी पुकाऱ्याला दुसरा माणूस घेतला. हंगाम संपतच आला होता. तसाही मी गेले तीन आठवडे ओसरीवरून उठलेलो नाही. मुनीमजी पाहायला आले, पण अंगणातूनच बोलून गेले. बसा अशी खूण केली तर घाई आहे म्हणाले. दारातून नव्या माणसाचा पुकारा वाऱ्यावर ऐकू येतो. आवाज चांगला आहे. ‘खंडी’ म्हणताना लांबवतो.


११ मार्च

तबकड्या आल्या!

लाकडी खोकं, आत गवत, त्यात तीन तबकड्या. मध्ये लाल कागद, त्यावर गोष्टीचं नाव आणि खाली माझं. गोदाने बोट फिरवून विचारलं, “हे तुमचं नाव?” मी मान हलवली. तिने ते बोट कपाळाला लावलं.

चौकातल्या दुकानदाराने भोंग्याचं एक जुनं यंत्र वापरायला दिलं. संध्याकाळी अंगण भरलं. माझ्या वाचनाला येणारे सगळे आले. प्रभाकरने किल्ली भरली, सुई ठेवली. थोडी खरखर झाली आणि मग मी बोलायला लागलो.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणं चमत्कारिक असतं. मी ओसरीवर पांघरूण घेऊन पडलेला, आणि तिकडे भोंग्यातून कुणीतरी इतक्या जवळून बोलतो आहे की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली. मालूबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, हे तर मेलेलं माणूस बोलून राहिलं!” त्यांच्या नवऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं. मला आनंद झाला. कंपनीला नेमकं हेच हवं होतं.

प्रत्येक बाजू संपली की आठ-दहा जण एकदम उठत होते तबकडी उलटायला. गोष्ट बरोबर तोडली आहे.

शेवटी लोक माझ्या पायांपाशी येऊन नमस्कार करून गेले. जाताना कुणी ‘उद्या कोणती?’ असं विचारलं नाही. नेहमी विचारतात.


१९ मार्च

अनंतरावांचं पत्र. तबकड्यांना मागणी चांगली आहे. पावसाळ्याआधी दुसरी गोष्ट हवी. ‘आवाज तोच असावा’ या शब्दांखाली रेघ मारली आहे. म्हणजे घसा उघडला तरी फार उघडू द्यायला नको. गोष्ट सुरू केली आहे. रोज पानभर लिहितो. हात थकतो, डोकं चालतं.

प्रभाकरने पत्र पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मी परत मागायला हात पुढे केला तर म्हणाला, “दाजी, ठेवू द्या माझ्यापाशी. नाहीतर माझ्या हातून फाटून जाईल.” ठेवूनही फाटणार असेल तर माझ्याकडे का नको, हे विचारायला पाटी जवळ नव्हती.


२४ मार्च

गुढीपाडवा. शोभी येईल असं वाटलं होतं. रंभाबाईंनी कळवलं, उन्हातान्हाचं पाठवत नाही. असीरगडहून इथवर किती ऊन लागणार? पण ती म्हातारी पहिल्यापासून हट्टी.

प्रभाकर यंत्र आणि तबकड्या घेऊन दोन दिवस असीरगडला जाऊन आला. म्हणाला, पोरीने सगळ्या बाजू ऐकल्या. खुनी कळल्यावर काय म्हणाली, विचारलं पाटीवर. तो म्हणाला, “काही नाही. भोंग्यात हात घालून पाहत होती.”


२ एप्रिल

गेले काही दिवस गोदाचं एक नवीन पाहतो आहे. दुपारचं आवरलं की ती यंत्राला किल्ली भरते आणि दुसऱ्या तबकडीची पहिली बाजू लावते. तीच. ती संपली की सुई उचलून पुन्हा तीच. पुढची बाजू लावत नाही, मागची लावत नाही.

ही बाजू साऱ्या गोष्टीत सर्वांत पडेल आहे. तिच्यात काही घडत नाही. जनार्दनपंत दलालाच्या विधवेकडे चौकशीला येतो. ती उपाशी आहे हे पाहून तो चौकशी बाजूला ठेवतो, तिला दोन घास खायला लावतो, दाराची कडी नीट लावून घ्यायला सांगतो, उद्या येतो म्हणतो. मूळ इंग्रजीत एवढंही नव्हतं. मुंबईला जायच्या आधी वेळ भरायला चार वाक्यं कमी पडली, ती मी घातली. पुढल्या गोष्टीत असा भरणा करायचा नाही.

गोदा हीच बाजू का लावते, यावर विचार केला. बाकीच्या बाजूंत खून आहे, रक्त आहे; बायकांना भीती वाटते. शिवाय या बाजूवर सुईची खरखर कमी असेल. दोन्ही कारणं पटतात.


७ एप्रिल

आज लिहायला उशीला टेकावं लागलं. अक्षर वाकडं येतं आहे.

दुपारी मी डोळे मिटून होतो. गोदाला मी झोपलो आहे असं वाटलं असावं. तिने यंत्र उचलून माझ्या अंथरुणाजवळ आणलं, किल्ली भरली आणि भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसली. तबकडी बोलायला लागली.

माझा आवाज म्हणाला, “तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.”

“खाते हो,” गोदा म्हणाली.

मी डोळे किलकिले केले. ती माझ्याकडे बघत नव्हती. भोंग्याकडे बघत होती आणि सुपात बोटं चालली होती.

“आधी दोन घास खाऊन घ्या. बाकीचं मग बोलू.”

“बरं.”

“मी गेल्यावर दाराची कडी लावून घ्या. भिऊ नका.”

“नाही भीत.”

“उद्या येतो.”

“या,” ती म्हणाली.

मग सुई खरखरत राहिली. तिने ती उचलली नाही.

हे काही बरं लक्षण नाही. माणूस समोर असताना यंत्राशी बोलायचं म्हणजे काय? गेले चार महिने तिने धड झोप घेतलेली नाही, खाणंही कमी झालं आहे. हाडं दिसायला लागली आहेत. मी आजारी म्हणून सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, तिच्याकडे कोण बघतो? उद्या प्रभाकर आला की पाटीवर पहिलं हेच लिहायचं आहे. एकदा गोदाला डॉक्टरांना दाखवून आण.